धोंडाची बायको

"सगुण, वायच हांगा यो!" सुविधाने पायवाटेवरूनच नवऱ्याला हाक मारली. पुढे जायची सोय नव्हती. विहिरीपाशी माटव घालून गावचे धोंड लईराई देवीच्या व्रताला बसले होते. जत्रेला शिरगावात निखाऱ्यांवरून जाईपर्यंत त्यांचं जेवण वेगळं, निजणं वेगळं. बायकोने शिवायचंसुद्धा नाही.

सगुण ओल्या पंच्याला हात पुसत आला आणि लांबच थांबला. "किदें जालां?"

"डॉक्टरान परवां सकाळीं म्हापशाक बोलयल्यां. दोगांक."

"जात्रे उपरांत म्हणिल्लें मगे?"

"बीजां बेगीन वाडलीं. तीं रावतात व्हय जात्रेक?"

माटवातला भांड्यांचा आवाज थांबला. सुविधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूल होण्याच्या या उपचारात नवऱ्याला डबी घेऊन तिथल्या छोट्या खोलीत जावं लागतं, हे चारचौघांत कसं बोलायचं? आधीच येऊन नमुना देऊन ठेवा, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. जत्रा झाल्यावर निवांत बघू म्हणून दोघांनीच टाळलं. आणि व्रतात तर तो विचारही वर्ज्य. गंमत अशी, की बापाच्या जागी धोंडाची वेताची काठी हातात घेताना सगुणने देवीपाशी मूलच मागितलं होतं.

"फुडल्या म्हयन्यांत जायना?"

तिचं डोकंच फिरलं. "सुयो म्हज्या पोटांत टोंचतात, तुज्या न्हय! तुजें व्रत जात्रेक सोंपतलें. म्हजें केन्ना सोंपतलें?"

सगळ्यांनी ऐकलं. सगुण मान खाली घालून माटवात परतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या दवाखान्यात तिला एका जागी बसवेना. बाहेर मोटरसायकल वाजली की ती उठे.

"घोव आयलो?" नर्सने पुन्हा विचारलं.

"वाटेर आसा," ती खोटंच बोलली.

आणि तो खरोखरच आला. तिच्याकडे न बघता डबी घेऊन आत गेला. बऱ्याच वेळाने त्याने डबी नर्सच्या हाती दिली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. खांद्याला खांदा लागला. कुणीच सरकलं नाही.

"थोरलो धोंड किदें म्हणालो?"

"म्हजी वेताची काठी मागून घेतली."

सुविधाला रडूच कोसळलं. तेवढ्यात नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या. तिने त्या त्याच्या ओंजळीत ठेवल्या आणि ती बीजं काढून घेण्यासाठी आत निघाली.

दार लागताना तिने मागे पाहिलं. बांगड्यांसकट त्याने हात जोडले होते. ते कपाळाकडे निघाले, मध्येच थांबले, आणि त्याने ते हळूच मांडीवर ठेवले.