तो पडद्यावर, मी जिन्याखाली

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बोट आहे. पुरात अडकलेल्यांना वाचवण्यासाठी सरकारने मला विकत घेतले आणि आपत्ती कार्यालयाच्या जिन्याखाली सुरक्षित ठेवले. तिथे पूर सोडाच, झाडूही पोहोचत नसे.

समोरच्या सभागृहात प्रोजेक्टर राहत असे. त्याला मखमली आच्छादन, त्याच्यासाठी एसी. संकट आल्यावर काय करायचे, याचे प्रशिक्षण तोच देई. कार्यालयात त्याची हवा होती. माझ्यात नव्हती. मी त्याला पाण्यात पाहू लागले. पाणी मात्र मी अजून पाहिलेच नव्हते.

त्यात तो पडद्यावर माझाच फोटो दाखवी. तरुणपणीचा, टम्म फुगलेला. लोक टाळ्या वाजवत. मला स्वतःच्या फोटोचाही मत्सर वाटू लागला.

एकदा प्रशिक्षणात नव्या अधिकारी मॅडमनी विचारले, "ही बोट आहे कुठे?"

सगळ्यांनी पडद्याकडे बोट दाखवले.

"अहो, खरी!"

"जिन्याखाली असेल," हेडक्लार्क म्हणाले. "पण तिचा पंप आमच्या नातवाच्या फुगवायच्या टबाला लावलाय."

"परत आणा."

"रडेल हो तो!"

"पुरात लोक रडतील, त्यांना काय फोटो दाखवू?"

माझ्या झडपेचे टोपण शिपाईमामांच्या तेलाच्या बाटलीवर सापडले. "घट्ट बसतं हो," मामा म्हणाले.

मॅडमनी सगळ्यांना तलावावर नेले. दोघांनी दोन दिशांना वल्ही मारली आणि मी गोल गोल फिरत राहिले. मला वाटले, यालाच प्रशिक्षण म्हणतात. पण दर महिन्याला सराव झाला आणि हात जुळले.

मग एके दिवशी नदी रस्त्यावर आली. वीज गेली, प्रोजेक्टर मुका झाला. खरे सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी गच्च्यांवरची माणसे उतरवू लागले.

"फुटणार नाही ना रे ही?" एका आजींनी विचारले.

"बसा हो आजी, आता आम्हाला येतं!" हेडक्लार्क म्हणाले.

शेवटच्या फेरीत कार्यालयातून शिपाईमामांना घेतले. त्यांच्या डोक्यावर काहीतरी होते.

"यालाही घ्या. बिचाऱ्याला पोहता येत नाही."

प्रोजेक्टर! इतकी वर्षे ज्याला पाण्यात पाहिले, त्याला पाण्यात पाहवेना. मी त्याला कोरडाच्या कोरडा काठावर पोहोचवला.

आता तो प्रशिक्षणात त्या दिवसाचा फोटो दाखवतो. त्यात तो हेडक्लार्कच्या मांडीवर ऐटीत बसला आहे आणि मी निम्मी कापली गेले आहे. टाळ्या पडतात. कोणाला, ते विचारू नका.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली कोणी पडले असेल, तर पूर येण्याआधी बाहेर काढा. हवा प्रोजेक्टरचीच राहू दे. भरायची मात्र माझ्यात.