बंगल्याचा ताबा

सरकार, तुम्ही माणसाला खुर्ची दिलीत आणि त्या खुर्चीचं घर दाबून बसलात. वर विचारलं तर तोंडातून ब्रसुद्धा काढला नाहीत.

जिल्हा न्यायाधीशासाठी कोर्टामागं बंगला होता. आजवरचे गोरे न्यायाधीश बायकापोरांसकट, कुत्र्यांसकट त्यात राहिले. मग अर्धं आयुष्य वकिलीत जोडे झिजवलेला पहिला देशी माणूस त्या जागेवर आला आणि बंगल्याला कुलूप लागलं. दुरुस्ती चालू आहे, अशी नुसती आवई. दुरुस्तीला एक सुतार फिरकेल तर शपथ.

न्यायाधीशांचं बिऱ्हाड लोहाराच्या दुकानावर, दोन खोल्यांत. खाली ठणठण आणि जिन्यात पक्षकार. ज्याचा निकाल उद्या, तो आज पायरीवर ठाण मांडून. कुणी पाय धरी, कुणी फळांची टोपली पुढे करी. बायको टोपल्या परत करून थकली. आणि आज वाण्याच्या दुकानात तिच्यासमोरच एकजण म्हणाला, "कोर्ट कशाला? तिथला निकाल जिन्यातच लागतो."

ती घरी आली ती तडक भांडी पोत्यात भरायला लागली.

"अहो, आज बंगल्यात जायचं."

"अगं, कलेक्टरसाहेबांकडे अर्ज केलाय ना मी."

"चार केलेत. एव्हाना त्या अर्जांना नातवंडं झाली असतील."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "माझी गादी आधी न्या. त्या हातोड्यानं माझं डोकं ऐरण झालंय."

"आई, तू तरी... हे कायद्यात बसतं का ते बघावं लागेल."

बायकोनं पोतं खाली ठेवलं. "लोकांची घरं सोडवायला वरच्या कोर्टापर्यंत भांडलात. तेव्हा मी दिव्यात तेल घालत बसायचे. आता आपल्या घराची वेळ आली तर मूग गिळून बसणार? तुमचं नाव जिन्यात विकलं जातंय, अहो. मला ते परत हवंय."

 न्यायाधीशांनी कोट चढवला आणि पोत्याचं एक टोक स्वतः धरलं.

बंगल्याच्या फाटकावर रखवालदार डोकं खाजवत म्हणाला, "किल्ली न्यायाधीशांनाच द्यायची, असा हुकूम आहे साहेब. कुठल्या रंगाच्या, ते काही सांगितलेलं नाही." आणि त्यानं कुलूप काढलं.

चुलीवर पाणी उकळायच्या आत फौजदार हजर. घाम पुसत, नजर चुकवत. तोही इथलाच.

"साहेब, बंगला खाली करायचाय. कलेक्टरसाहेबांनी सांगितलंय."

"आम्ही कुलूप फोडलेलं नाही. राहत्या माणसाला बाहेर काढायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. आणलाय?"

"आणतो की. जिल्हा कोर्टातून..." फौजदार मध्येच थांबला. जिल्हा कोर्ट समोर बाह्या सरसावून उभं होतं.

"तो मी देणार नाही," न्यायाधीश म्हणाले. "आणि नाकारणारही नाही. स्वतःचा खटला मी चालवत नसतो. कलेक्टरसाहेबांनी वरच्या कोर्टात दावा लावावा. तिथं पहिलाच प्रश्न येईल: न्यायाधीशाला न्यायाधीशाचं घर का नको? त्यांना कारण लेखी द्यावं लागेल. आजवर त्यांनी ते तोंडीसुद्धा दिलेलं नाही."

फौजदारानं टोपी हातात फिरवली. "मी काय सांगू त्यांना?"

बायको पदराला हात पुसत पुढे आली. न्यायाधीश बाजूला सरकले.

"सांगा, बाई म्हणाली, दावा हरलो तर आम्ही त्याच दिवशी निघू. भांडी अजून पोत्यातच आहेत. पण कारण त्यांच्या सहीनं हवं. याच माणसानं फाशी सुनावली ती त्यांना चालली, त्याच माणसानं या घरात जेवलेलं का चालत नाही? काय लिहिणार आहेत ते? विचारा, आणि उत्तर घेऊनच या."