वोपाटची काळी गाय गाभण आहे का?

मुक्या जीवांची सेवा हे जगातलं सर्वांत निरपेक्ष व्रत आहे. आमच्या नेब्रास्कातल्या कृषी महाविद्यालयात या व्रतापायी मुलं एकमेकांना नोट्स देत नाहीत.

पशुविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या ब्रिन कुलमनकडे सगळं होतं. रसायनशास्त्रात गुण होते, गोठ्यात काढलेले तास होते, आणि 'मला लहानपणापासून प्राणी आवडतात' हे प्रत्येकाच्या अर्जात असतं ते वाक्यही होतं. नव्हतं ते एका पशुवैद्याचं शिफारसपत्र. त्याशिवाय पशुवैद्यक महाविद्यालय अर्जाकडे ढुंकून बघत नाही. तिच्या ओळखीचे पशुवैद्य एकच, डॉक्टर लुबेन. त्यांनी आजवर कुणाची शिफारस केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

नोव्हेंबरात ते तिला वोपाट नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर घेऊन गेले. कुठल्या गायी गाभण आहेत ते तपासायचं होतं. रिकामी निघेल ती ट्रकमध्ये, थेट कत्तलखान्याकडे. एकेक गाय खोड्यात येई, डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून शेपटीखालून हात घालत, निकाल देत आणि "हं, पुढची" म्हणत. त्यांच्यामागून ब्रिन सरावापुरता हात घाली.

एका काळ्या गायीला डॉक्टर म्हणाले, "रिकामी."

ब्रिनचा हात आतच.

"पोरी, मुक्काम करणार आहेस का तिथं?"

"खात्री करतेय, डॉक्टर."

खरं म्हणजे तिची बोटं थंडीनं मेली होती आणि त्या सबंध परिसरात ऊब म्हणून तेवढीच जागा होती. पण बोटांत जीव आला, तशी त्यांना एक इवलीशी फुगीर पिशवी लागली.

"गाभण आहे," ती म्हणाली. "लहान आहे, पण आहे."

वोपाटला भलतीच मजा वाटली. "आता मी ऐकू कुणाचं?"

"माझं. या कामात केस पिकले माझे."

"केसांचं ठीक आहे, डॉक्टर," वोपाट म्हणाला. "हाताचं काय?"

लुबेननी हातमोजा उतरवला. "ठेव तिला. व्याली, तर पोरीला शिफारसपत्र. नाही व्याली, तर हिनं खुशाल कोंबड्या पाळाव्यात."

"आणि हिवाळाभर गवत कुणाचं?"

"तुझं."

मार्चमध्ये बाकीच्या गायी व्याल्या. काळी नाही. ब्रिन दर रविवारी फोन करी.

"मिस्टर वोपाट, काय म्हणतेय ती?"

"खातेय."

एप्रिलभर उत्तर तेच, फक्त 'अजून' जोडलेलं. ब्रिननं अभ्यासाच्या टेबलावर कोंबड्यांवरचं एक पुस्तक आणून ठेवलं.

मेअखेर फोन वोपाटचाच आला. "कालवड झाली! नाव ब्रिन ठेवलंय. बघायला ये. तुझ्यापेक्षा शहाणी दिसते, कुठं हात घालत नाही."

डॉक्टरांनी शब्द पाळला. पत्रात दोनच ओळी होत्या: 'उमेदवार घाई करत नाही. खात्री झाल्याशिवाय हात बाहेर काढत नाही.' प्रवेशाच्या मुलाखतीत ते मोठ्यानं वाचलं गेलं आणि समितीतल्या विद्वानांनी गंभीरपणे माना डोलावल्या. या वयात एवढी चिकाटी, असं एक बाई म्हणाल्याही. ब्रिननं नम्रपणे आभार मानले.

प्रवेश मिळाला. आज ओमाहात तिचा स्वतःचा दवाखाना आहे. फक्त मांजरांचा.