दुसरी झेरॉक्स

आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंची सगळी कागदपत्रं खुली करणार, असं सरकारनं जाहीर केलं आणि अप्पांचा पाय घरात ठरेना. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. बावीस वर्षांपूर्वी भर दुपारी धावपट्टीच्या वर काहीतरी थांबलेलं त्यांनी पाहिलं, पाहिलं तसं लिहून दिलं, आणि महिन्याभरात 'नजरेचा दोष' असा शेरा मारून त्यांना घरी बसवलं गेलं. तेव्हापासून शेजारचा शिंपी जाता-येता विचारायचा, "काय अप्पा, आज पाहुणे उतरले का गच्चीवर?"

अप्पा हसून साजरं करायचे. लेकीला ते हसू बघवायचं नाही. परवा तर तिच्या चिमणीनंच विचारलं होतं, "आई, आजोबांना खोटंखोटं दिसतं का गं?"

लेक त्याच सरकारच्या कागदपत्रांच्या कार्यालयात कामाला होती. मूळ कागदाच्या झेरॉक्सवर साहेबांनी पेन्सिलीनं खुणावलेल्या ओळींवरून काळा मार्कर फिरवायचा, मग त्या पानाची दुसरी झेरॉक्स काढायची आणि लोकांना तीच द्यायची. कारण मार्कर मारलेलं पान उजेडात धरलं की खालची अक्षरं दिसतात.

"खुलं करायचं म्हणतात आणि निम्मं काळं करायला लावतात," ती एकदा म्हणाली होती.

"अगं, पडदा उघडायचा म्हणजे काय खिडकीच काढून टाकायची?" साहेब म्हणाले होते.

बुधवारी तिच्यापुढे अप्पांचंच पान आलं. शेरा जसाच्या तसा होता, त्याला पेन्सिल लागली नव्हती. पेन्सिल होती खालच्या दोन ओळींना: 'रडारवर हीच वस्तू चार मिनिटं दिसली. नियंत्रकाची नजर तपासली, निर्दोष आहे.'

तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. म्हणजे यांना माहीत होतं. बावीस वर्षं!

"साहेब, या ओळी का?"

"रडार आलं ना त्यात. नियम आहे."

"आणि नजरेचं?"

"एकाच परिच्छेदात आहे. जाऊ दे की, कोण वाचतंय!"

तिनं मार्कर फिरवला. पान घेऊन झेरॉक्स मशीनपर्यंत गेली, उभी राहिली, आणि तशीच परत येऊन तेच पान लोकांना द्यायच्या गठ्ठ्यात सरकवलं.

मग मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहिना. चिमणीची वेणी घालताना तिनं दोनदा भांग चुकवला. साहेबांनी गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवून सही केली, तेव्हा कप उचलला जाईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली.

सोमवारी वाचनकक्ष उघडला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, चिमणीचं बोट धरून आले आणि कोपऱ्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली बसले. आपलं पान सापडल्यावर त्यांनी ते शेजारी उभ्या असलेल्या लेकीपुढे सरकवलं.

"बघ. दोष तेवढा ठेवलाय. बाकी डांबर." त्यांनी कागद नीट जुळवून ठेवले. "चल गं चिमणे."

"अप्पा, इथं अंधार आहे. खिडकीपाशी बसा ना."

"वाचून झालं माझं."

"पुन्हा वाचा. माझ्यासाठी. पान जरा वर धरून."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती ताप लपवायची तेव्हा पाहायचे, तसं. मग उठले, खिडकीशी गेले आणि पान काचेवर टेकवलं. त्यांचे ओठ हलू लागले. एकदा. पुन्हा एकदा. चिमणी त्यांच्या पायाला बिलगून वर बघत होती.

'झालं ना, आता हात खाली घ्या अप्पा,' लेक मनातल्या मनात विनवत होती.

"कोण गं ते?" दारातून साहेबांचा आवाज आला.

"माझे वडील."

"एवढं काय बघतायत?"

काहीही सांगता आलं असतं, चष्मा विसरलेत म्हणून सांगता आलं असतं.

"नजर चांगली आहे त्यांची, साहेब," ती म्हणाली.

साहेब खिडकीकडे निघाले. अप्पा अजून पान खाली घेत नव्हते.