धाकटीच्या गल्लीतलं घर

धाकटीने खांद्याचा रेटा देऊन दार उघडलं आणि ताईला आधी आत जाऊ दिलं.

"दार जरा अडकतं. सुताराला सांगून ठेवलंय."

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. ताईच्या नवऱ्याने नळ सोडून पाहिला, भिंतींवर टकटक करत फिरला आणि बायकोकडे बघून मान हलवली. शहरात ते राहत होते ती इमारत पाडून मालक नवी बांधणार होता, आणि त्या भाड्यात आता तिथे गाडी ठेवायची जागासुद्धा मिळत नव्हती. वर्षभर दोघं नकाशावर बोट फिरवत होते. समुद्राकडे घरं स्वस्त, पण काम नाही. डोंगराकडे खाणीचं काम, पण ते यांच्या वयाला झेपणारं नाही. राहता राहिलं हे गाव. धाकटी इथे संसार थाटून होती आणि आई तिच्याकडे होती.

"तुझ्यासाठी चष्म्याच्या दुकानात बोललेय मी," धाकटी म्हणाली. "काचा बसवणारं माणूस त्यांना हवंच आहे. भावोजींना शाळेची बस चालवायला मिळेल."

"तू तर आमचा संसारच लावून टाकलास की," भावोजी हसले.

ताई हसली नाही. प्रत्येक गोष्ट आजची उद्यावर ढकलणाऱ्या या मुलीने सुतारापर्यंत सगळं ठरवून ठेवलं होतं.

"तू काहीतरी सांगत नाहीयेस."

धाकटीने खिडकीची कडी घातली, काढली, पुन्हा घातली.

"आमची बदली झालीये. पुढच्या महिन्यात निघायचंय. मीच ह्यांना मागून घ्यायला लावली."

"आणि आई?"

"तिकडे चौथा मजला आहे, ताई. लिफ्ट नाही." मग तिचा आवाज अगदी खाली गेला. "सात वर्षं झाली. एकदाही कुठे मुक्कामाला गेले नाहीये मी."

भावोजी बंद असलेला नळ पुन्हा घट्ट करून मागच्या दाराने बाहेर गेले. ताईने राग आणून पाहिला, पण येईना. सात वर्षं ती दर रविवारी फोन करत आली होती, आणि फोन ठेवला की तिला हलकं वाटायचं.

आई दोन घरं पलीकडे, धाकटीच्या मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाय केव्हाच गेले होते, कान मात्र शाबूत होते. पलंगाच्या कडेला कोण बसलं हे तिला न बघता कळलं.

"घर पाहिलंस?"

"पाहिलं."

"घेऊ नकोस." आई भिंतीशीच बोलत होती. "एकीचं आयुष्य माझ्या उशाशी गेलं. आता ती तुला जुंपायला निघालीये. मला सगळं ऐकू येतं."

'तुझ्यासाठीच येतेय मी' हे अशा वेळी कुठलीही मुलगी म्हणेल ते ताईच्या ओठांवर आलं. तिने चादरीची सुरकुती सरळ केली, मग दुसरी केली. ते शब्द काही बाहेर पडेनात.

"आई, आम्हाला दुसरीकडे कुठे परवडतच नाही," ती म्हणाली. "सगळीकडे बघून झालं. तू इथे नसतीस तरी इथेच यावं लागलं असतं."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. असं कुणी आजारी आईला सांगतं का?

कोपरावर भार देत, कण्हत, आईने मान इकडे वळवली आणि ताईचा चेहरा नीट न्याहाळला.

"म्हणजे माझ्यासाठी येत नाहीयेस?"

"नाही."

"खरं सांगतेस?"

ताईने मान डोलावली. दाराशी धाकटी चौकट धरून उभी होती.

"मग ये," आई म्हणाली, आणि मोठीने आपल्याला उठवून बसवावं म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले.