दोन्ही लाल

संपत तिसऱ्या रविवारीही आला नाही, तेव्हा सुषमाने स्टूल ओढून हॉलच्या मधोमध ठेवलं.

लाईटचं खोकं महिनाभर टीव्हीखाली पडून होतं. तिचा नवरा बिरदेव कुरकुंभच्या कंपनीत कामाला होता आणि आठवड्यातून एकदा निमोण्याला घरी यायचा. मागे एकदा येताना त्याने दौंडच्या बाजारातून हा छताला चिकटून बसणारा गोल लाईट आणला. "संपत लावंल," एवढं सांगून तो परत गेला होता.

संपत म्हणजे सासूबाईंचा, बानूबाईंचा सख्खा भाचा. दोन वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा सगळं वायरिंग त्यानेच केलं होतं, तेही फुकट. त्यामुळे साधा होल्डर बदलायचा तरी संपतचीच वाट बघायची, असा बानूबाईंचा दंडक होता. सुषमा लग्नाआधी पाबळला वर्षभर वायरिंग शिकली होती. तिचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली होतं आणि घरात त्याचा विषय कधी निघत नसे.

"मामा, जरा लाईट घालवते," ती सासऱ्यांना म्हणाली.

गेणबा टीव्हीसमोर बसला होता. "संपतला येऊ दे की. घाई काय हाय?"

"तीन रविवार झालं, मामा."

"शिकलेलं इसरली असशील आता," आतून बानूबाई म्हणाल्या. "पडशील बिडशील."

सुषमाने दारामागच्या बोर्डातला एमसीबी खाली पाडला. पंखा थांबला, टीव्ही गेला. स्टुलावर चढून तिने जुना होल्डर सोडवला आणि वरच्या डबीतल्या वायरी बाहेर ओढल्या.

दोन्ही लाल होत्या. बाजूला एक हिरवी होती, आर्थिंगची.

नव्या लाईटला तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन वायरी होत्या. तपकिरी म्हणजे फेज, तिच्यातून करंट येतो. निळी म्हणजे न्यूट्रल, परतीची. घरच्या लाल वायरीला तपकिरी आणि काळीला निळी जोडायची, एवढंच काम होतं. पण इथे काळी होतीच कुठे? तिने स्टुलावर उभ्या उभ्याच संपतला फोन लावला. तो मांडवगण फराट्याला कुणाच्या तरी बंगल्याच्या कामावर होता.

"संपतभाऊ, हॉलच्या छतात दोन्ही वायरी लालच हायेत. न्यूट्रल कुठली?"

"वैनी, रंगाला काय करायचंय? कुठलीबी कुठंबी लावा, लाईट लागतीच."

"तसं कसं? बटण फेजवर पाहिजे ना."

"नायतर राहू द्या. मी येतो की रविवारी." फोन कट झाला.

आता एकेक वायर शोधत बसायची. पाबळच्या सरांनी एक सवय लावली होती: लाईट घालवली तरी टेस्टर लावल्याशिवाय वायरीला बोट लावायचं नाही. तिने पहिल्या लाल वायरीला टेस्टर टेकवला. काही नाही. दुसरीला टेकवला आणि टेस्टर पेटला.

ती खाली उतरली. एमसीबी खालीच होता. भिंतीवरचं बटणही बंद होतं. पंखा हलत नव्हता. परत चढून तिने टेस्टर लावला, परत पेटला. तिने बाहेर जाऊन मीटरशेजारचा मेन स्विच पाडला, तेव्हा कुठे टेस्टर विझला.

मग तिने बोर्डाचं झाकण काढलं आणि सगळा घोळ दिसला. मेन स्विचकडून बोर्डात येणाऱ्या दोन वायरीच उलट्या जोडल्या होत्या. करंटची परतीच्या जागी, परतीची करंटच्या जागी. म्हणजे दोन वर्षं या घरातलं प्रत्येक बटण बंद केलं की दिवा विझत होता, पण करंट मात्र होल्डरपर्यंत येऊन थांबलेला असायचा. आणि आर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती, टेप गुंडाळून नुसती आत कोंबली होती.

"मामा, इकडं या जरा." तिने मेन स्विच वर केला, एमसीबी खालीच ठेवला आणि छतातल्या वायरीला टेस्टर लावून गेणबाला दाखवला. "हे बगा. समदं बंद हाय, तरी पेटतोय."

गेणबा वर बघत म्हणाला, "म्हंजी दिवाळीत न्हाणीतला बल्ब काढताना मला झटका बसला..."

"व्हय. बटण बंद होतं तरी."

"भिंतीला ओल धरलीय म्हणला व्हता संपत. आन् तुमी समदी मलाच बोलला, पायात चप्पल का घातली न्हाई म्हणून."

बानूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "माझा भाचा असं करायचा न्हाई. तारवाल्यांनी खांबावर उलटं केलं असंल."

तसं होऊ शकतं, हे सुषमालाही ठाऊक होतं. पण वायरिंग झाल्यावर टेस्टर लावून बघायचं काम कुणाचं होतं? हे विचारलं असतं तर भांडण पेटलं असतं आणि लाईट तसाच राहिला असता. तिने मेन स्विच परत पाडला.

बोर्डातल्या त्या दोन्ही वायरी सोडवून बरोबर जागी बसवल्या. हिरवी आर्थिंगच्या पट्टीला कसली. मग मेन आणि एमसीबी चालू करून, बटण चालू-बंद करून छतातल्या वायरी पुन्हा तपासल्या, न्यूट्रलवर काळी टेप गुंडाळली आणि मेन पाडून लाईट जोडला. स्क्रू दोनदा हातातून निसटून फरशीवर पडला. दोन्ही वेळा तीच उतरली आणि तिनेच शोधला.

लाईट लागला. गेणबाने टीव्ही लावला.

"लई पांढरा उजेड हाय," बानूबाई म्हणाल्या. "डोळ्यावर येतो."

सुषमाने स्टूल जागेवर ठेवलं. डोकं तापलं होतं, पण आत एक भीतीही होती. समोरच्या धुरपदाबाईंचं घर संपतनेच केलं होतं. त्या एकट्या राहायच्या. ती टेस्टर घेऊन चपला घालू लागली.

"भाच्याची अब्रू घालवायला निगालीस व्हय?" बानूबाईंनी विचारलं. ती गेली.

धुरपदाबाईंनी आधी नकोच म्हटलं, मग चहा टाकला, मग बोर्ड उघडू दिला. आत लाल, काळी, हिरवी, तिन्ही रंग नीट लावलेले. प्रत्येक बटणाखाली संपतच्या अक्षरातली चिठ्ठी. टेस्टर जिथे पेटायला हवा तिथेच पेटला.

"शिरूरवरनं तिन्ही रंगाची बंडलं मीच आणली व्हती," धुरपदाबाई म्हणाल्या. "पोरगं लई मन लावून काम करतं."

परत येताना सुषमाला जास्तच राग आला. त्याला येत नसतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्याला सगळं येत होतं.

घरी आल्यावर तिने जे पाहिलं ते सांगितलं, वर एक शब्द घातला नाही. बानूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"धुरपदाकडं तिन्ही रंग?"

"व्हय. चिठ्ठ्याबी लावल्यात."

बानूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग फोन मागितला.

"संपत, मी आत्या बोलती. माझ्या घरात उरलंसुरलं वापरलंस व्हय रं? ... न्हाई, तारवाल्यांचं राहू दे. धुरपदाच्या घरातलं कसं नीट झालं? ... रविवारी ये. काळ्या वायरीचं बंडल घेऊन ये. आन् सुषमा उभी राहून बगंल, ती सांगंल तसं करायचं."

फोन ठेवून त्या परत शेंगा फोडायला लागल्या. सुषमाकडे त्यांनी बघितलं नाही.

सुषमाने रविवारचा भरवसा धरला नाही. अजून स्वयंपाकघर होतं, न्हाणी होती, दोन खोल्या होत्या, आणि प्रत्येक डबीत दोन्ही वायरी लालच निघणार होत्या. तिने काळ्या टेपचं रीळ घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या बोर्डाखाली स्टूल नेऊन ठेवलं.

"मेन पाडू का?" गेणबाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो बाहेर गेला.