माझा दम काढला

मी एक जुनी विलायती मोटारसायकल आहे. करडी गावात केवळरामच्या गोठ्यात, तणसीच्या ढिगाआड उभी आहे. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात. घालोत बापड्या, निदान त्यांना तरी माझा उपयोग कळला.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन नळकांडी आहेत. दोन्हींतले दट्टे एकदमच वर जातात नि एकदमच खाली येतात. म्हणून चालताना माझं सगळं अंग थरथरतं. नट ढिले होतात, ते आवळत राहावे लागतात. वर जाताना दट्टे आतली हवा दाबतात. त्या दाबाला आमच्याकडे 'दम' म्हणतात. माझा दम दांडगा होता हो! तुमसरकडच्या खाणीतले साहेब मला चालवत, तेव्हा चिखल काय नि चढण काय!

एकाहत्तर साली साहेब बदली होऊन गेले आणि केवळरामनं मला हौसेनं घेतलं. माझ्या हँडलवर एक खटका आहे. किक मारण्याआधी तो मागे घेतला नाही, तर ठिणगी लवकर पडते आणि किक उलटते. केवळराम हमखास विसरे. एकदा त्याची नडगी फुटली. आता आधी लाथ मारली कोणी? त्यानं. पण नाठाळ ठरले मी.

त्यानं भैय्यालाल मिस्त्रीला घरी बोलावलं.

"हे गाडी लाथ मारते ना बाप्पा!"

"दम जास्ती हाये इच्यात. कमी करून देऊ काय?"

"करून टाक. मस्तीवाल्या गोऱ्ह्याले आपन खच्ची करून बैल करतोच ना!"

त्याची बायको सत्यभामाबाई म्हणाली, "खटका मांगं घ्याचा भुलता तुमी, अन् दोष तिले कायले देता?" पण बाईमाणसाचं ऐकतो कोण?

भैय्यालालनं नळकांड्यांखाली जाड पॅकिंग कोंबलं. दट्टे वर येत, पण त्यांच्यावर मोकळी जागा उरे, हवा पुरती दाबलीच जाईना. किक हलकी झाली. पोळ्याला केवळरामनं मला बेगड लावून बैलांच्या रांगेत, तोरणाखाली उभं केलं. "आता कशी गरीब झाली!" सारा गाव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रोवणीत, धान रोवताना सत्यभामाबाईंच्या पायाला साप चावला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. केवळरामनं त्यांना मागे बसवून दुपट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधलं. वाटेत तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, चढण लागली. मी जीव तोडून ओढलं, पण दमच नव्हता. मध्यावर बंद पडले. किक हलकी होती ना, मारा हवी तितकी! शेवटी कोणाची तरी बैलबंडी आली. पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"दगा देला या गाडीनं," केवळराम गावभर सांगत सुटला. मला गोठ्यात ढकललं, ती आजतागायत इथंच. पॅकिंग काढून बघावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची खोड मोडण्याआधी आपली एकदा तपासा. ज्याचा दम तुम्ही काढून घेतला, तो वेळेला कुठून आणणार?

सत्यभामाबाई कुबडी टेकत अंडी न्यायला येतात. काल केवळराम दारातच उभा होता. बाईंनी माझ्या टाकीवरची धूळ पदरानं पुसली आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, तुही लाथच बरी होती. ह्यायची नडगी फुटली असती, पन माहा पाय तं राहिला असता."